मुलांनी शाळेचा नकाशा रंगवला आणि स्टाफरूमचं दार लाल निघालं

खडूफळा
धागा सुरू: रविवार, रात्री १०:१५

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. पाचवी ते दहावी, पट साडेसहाशेच्या आसपास. शाळेचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनीही इथे लिहू नये, ही विनंती.

गेल्या पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा शेवटच्या तासाला न विचारता वर्गाबाहेर निघाला. मी दारातच अडवलं, आवाज चढवून. तो थांबला आणि उभ्या जागी त्याची पँट ओली झाली. वर्ग हसला. नंतर कळलं ते असं, की हा मुलगा सकाळी घरून निघाल्यावर पाण्याचा घोट घेत नाही. मागच्या मुतारीत नववी-दहावीची तीनचार पोरं दाराशी उभी राहतात, लहानांना आत गेल्यावर कोंडतात, आणि पुढचं मी लिहीत नाही. जून ते ऑगस्ट हे चालू होतं. वर्गशिक्षिका मीच.

त्याच्या आईला फोन केला तर त्या म्हणाल्या, "बाई, आम्हाला वाटलं मूतखडा असंल. दोन डाक्टर केले."

मग नेहमीचं सुरू झालं. त्या चौघांचे पालक बोलावले, माफीपत्रं घेतली, परिपाठात 'सर्वांशी प्रेमाने वागा' यावर पाच मिनिटं बोलणं झालं. आमच्या चित्रकलेच्या सरांना ते काही पटेना. त्यांनी शाळेचा साधा आराखडा काढला: वर्ग, जिने, मैदान, पाण्याची टाकी, ऑफिस, स्टाफरूम, मुताऱ्या, सायकल स्टँड. त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि सहावी ते नववीच्या मुलांना ऑफ तासाला वाटल्या. नाव घालायचं नाही. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा, जिथे जायला नको वाटतं तिथे लाल, बाकी कोरं.

चारशेच्या वर कागद आले. मुतारी लाल, हे अपेक्षितच. सायकल स्टँड लाल. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधलं जिन्याचं वळण लाल, तिथे खालूनही दिसत नाही आणि वरूनही. पाण्याची टाकी मुलांच्या कागदावर हिरवी आणि मुलींच्या कागदावर लाल (पाणी उडवून गणवेश ओला करतात, का, ते सांगायला नको). सगळ्यांत हिरवं काय असेल? खिचडी शिजते ती शेड.

आणि तीन कागदांमागे एकावर स्टाफरूमचं दार लाल. काहींनी नुसतं दार नाही, दारापासून ऑफिसपर्यंतचा सगळा व्हरांडा रंगवलाय.

मीटिंगमध्ये हे कागद टेबलावर पसरले तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक सर म्हणाले, "हे पोरांना शिकवलं कुणी?"

एकट्यादुकट्या चांगल्या शिक्षकामुळे एखादा वर्ग सुधारतो, हे मी पाहिलंय. मला विचारायचंय ते वेगळं. अख्खी शाळा बदललेली कुणी पाहिली आहे का? शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत? आणि ती कशाने बदलली?

---

गरमागरमभजी
रविवार, १०:४०

ताई, मनाला लावून घेऊ नका. आमच्या वेळी स्टाफरूमसमोरून जाताना पाय लटपटायचे. काही बिघडलं का आमचं? उलट आज सरळ उभे आहोत ते त्या धाकामुळेच. आता मुलांना कागद वाटून विचारायचं, 'बाळा, तुला कुठे भीती वाटते?' उद्या गणिताचा तासही लाल रंगवतील. मग काय करणार, गणित बंद?

---

खडूफळा
रविवार, १०:५२

गणिताच्या वर्गखोलीवर लाल अगदी थोडे होते. सर कडक आहेत, गृहपाठ नसला की बाहेर उभं करतात. तरी.

---

जुनाजाणता
रविवार, ११:२०

बाई, ३४ वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची ११ मुख्याध्यापक म्हणून. भजीसाहेबांचं अर्धं बरोबर आहे. धाक आणि भीती या दोन गोष्टी आहेत. धाक असलेल्या मास्तरला काय चालणार नाही ते मुलाला आधी ठाऊक असतं. भीती वाटते त्या मास्तरचा आज मूड कसा आहे ते ठाऊक नसतं. तुमच्या गणिताच्या सरांचा धाक असणार.

छडी मीही वापरली आहे, खोटं बोलत नाही. पण आज विचाराल तर छडीचं मला तेवढं वाईट वाटत नाही, दुसऱ्याच एका गोष्टीचं वाटतं. शिष्यवृत्तीच्या याद्या. ऑफिसातून यादी यायची आणि मी वर्गात उभा राहून मोठ्याने वाचायचो. प्रवर्ग, मग नावं. "एससीवाले उभे राहा. एनटीवाले इकडे या." वेळ वाचायचा. एका मिनिटात अख्ख्या वर्गाला कोण कोण ते समजायचं, आणि मधल्या सुट्टीत त्याचं काय व्हायचं ते मला दिसत नव्हतं, किंवा मी पाहत नव्हतो. निवृत्तीनंतर एक माजी विद्यार्थी घरी आला, आता बँकेत अधिकारी आहे. चहा पिता पिता म्हणाला, "सर, तुम्ही चांगलं शिकवलंत, पण जुलै महिना आला की मी चार दिवस आजारी पडायचो." याद्या जुलैत यायच्या.

---

रानजाई
सोमवार, सकाळी ७:०५

जुनाजाणता सर, हे लिहिलंत त्याबद्दल नमस्कार.

मी माझं सांगते. आमच्या घरी 'पानी' आणि 'लोनी'च म्हणतात. सहावीत गावातून शहरातल्या शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात धडा वाचताना 'आनि' म्हटलं. बाईंनी थांबवलं, वर्गाकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ण बाणातला. म्हण, बाण." मी 'बान' म्हणाले. वर्ग फुटला. त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझं नाव 'बान'. कुणी मारलं नाही, कुणी डबा पळवला नाही. तक्रार करायची तर काय करणार? 'बाई, मला बान म्हणतात'? नाव तर बाईंनीच ठेवलेलं.

पाच वर्षं मी प्रकट वाचनाला हात वर केला नाही. आज आकाशवाणीवर निवेदन करते, तेव्हा अगदी बिचारी वगैरे समजू नका. पण मुलं एकमेकांना कशी वागवतात यावर उपक्रम घेणाऱ्या शाळांना मला हेच विचारावंसं वाटतं, की पहिलं टोपणनाव कोण ठेवतं? माझ्या वर्गात जाड्याला 'ढोल्या', चष्म्याला 'बॅटरी', सावळ्या मुलीला 'रात्र' ही सगळी नावं आधी शिक्षकांच्या तोंडून आली होती. सगळी गमतीत. मुलांनी फक्त उचलली.

---

मुळामुठा
सोमवार, ९:३०

ह्या धाग्यावर लिहू की नको असं कालपासून चाललंय. सगळे त्रास झालेल्या मुलांच्या बाजूने लिहिताहेत. माझा मुलगा दुसऱ्या बाजूचा होता.

सातवीत असताना शाळेतून बोलावणं आलं. व्हॅनमध्ये त्याने आणि आणखी दोघांनी पाचवीतल्या एका मुलाला महिनाभर छळलं होतं. रोज त्याच्या डब्यात थुंकायचे. मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये मी त्याला सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. मॅडम म्हणाल्या, "बघा, पालक किती सहकार्य करतात." मलाही अभिमान वाटला, खरं सांगतो.

दोन महिन्यांनी पुन्हा तेच, मुलगा वेगळा. तेव्हा शाळेत नव्याने आलेल्या एक समुपदेशक बाई होत्या, आठवड्यातून दोन दिवस. त्यांनी त्याला "असं का केलंस" हे विचारलंच नाही म्हणे. विचारलं, "व्हॅनमध्ये तू कुठे बसतोस?" तेव्हा निघालं, की तो चौथीत असताना त्याच व्हॅनमध्ये शेवटच्या सीटवर मोठी मुलं त्याच्या डब्याशी हेच करायची. तीन वर्षं जागेची बढती मिळत गेली आणि आता शेवटची सीट त्याची होती. पाचवीतल्या मुलाचं जे व्हायचं ते त्या सीटचं ठरलेलंच होतं.

व्हॅनवाल्या काकांना हे सगळं माहीत होतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि शाळेच्या मते व्हॅन म्हणजे शाळा नव्हे.

---

दोनवेण्या
सोमवार, १०:१०

मुळामुठा, लिहिलंत हे फार बरं केलंत. शेवटची सीट वाचून अंगावर काटा आला.

---

वकीलपत्र
सोमवार, दुपारी १:४५

भजीसाहेबांसाठी थोडं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येणार नाही, आणि करणाऱ्यावर सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई होईल. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. छडीबद्दल सगळे बोलतात, पण 'मानसिक छळ' हे शब्द त्याच कलमात आहेत. वर्गासमोर 'बान' म्हणणं त्यात बसतं का, यावर वाद घालता येईल. मी रानजाईंच्या बाजूने घालीन.

महाराष्ट्रात कागदावर काही कमी नाही. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती हवी. तक्रारपेटी हवी. बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ मधल्या घटनेनंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, पेटी ठरावीक काळाने उघडण्याचा आदेश, हे सगळं पुन्हा बजावून झालं. माझ्या अनुभवात पेटी असते, कुलूप असतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असते. पेटी टांगलेली असते ऑफिसच्या दाराशी. खडूफळा बाईंच्या नकाशात हाच भाग लाल आहे.

---

खडूफळा
सोमवार, ४:२०

आमचीही पेटी तिथेच आहे. हे वाचून मी जाऊन पाहिलं. आत दोन कागद आणि एक वेफर्सचं रिकामं पाकीट होतं. कागदांपैकी एक पंखा दुरुस्तीबद्दल, एक गेल्या वर्षीचा, "निरोप समारंभाला डीजे पाहिजे".

---

बर्फातलामराठी
सोमवार, ६:३०

मी फिनलंडला, तुर्कूजवळ राहतो. मुलगी इथल्या सरकारी शाळेत पाचवीत आहे. तिकडचं म्हणजे सोनं, असं म्हणायला आलेलो नाही, पण विषय अगदी इथल्याच विद्यापीठाचा आहे म्हणून लिहितो.

तुर्कू विद्यापीठात क्रिस्तिना साल्मिवाल्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. १९९६ च्या सुमारास त्यांनी दाखवलं की छळात फक्त छळणारा आणि सोसणारा असे दोघेच नसतात. एक हसणारा असतो, एक साथ देणारा, काही बाजूला उभं राहून बघणारे, आणि क्वचित एखादा मध्ये पडणारा. सगळा खेळ त्या हसणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या जिवावर चालतो. त्यावरून पुढे 'किवा' हा कार्यक्रम आला, २००९ पासून देशभर. फिनिश भाषेत किवा म्हणजे 'छान', आणि 'छळाविरुद्ध' या शब्दांचं ते लघुरूपही आहे.

त्यातल्या दोन गोष्टी मला आवडल्या. एक, प्रकरण आलं की शाळेतल्या ठरलेल्या दोनतीन मोठ्यांचा गट आधी सोसणाऱ्या मुलाशी बोलतो, मग त्रास देणाऱ्यांशी, आणि मग त्याच वर्गातल्या दोनचार वजनदार मुलांना बोलावून सांगतो, की याला एकटं पडू देऊ नका. वजनदार म्हणजे ज्यांचं वर्गात चालतं असे, मॉनिटरच असं नाही. दुसरी गोष्ट, मधल्या सुट्टीत देखरेख करणारे शिक्षक चमकदार जाकीट घालतात, आपल्याकडे रस्त्यावर काम करणारे घालतात तसं. लांबूनही मुलाला दिसतं, मोठं माणूस कुठे आहे ते.

सगळं गोड नाही. मोठ्या वर्गांत परिणाम बराच कमी होतो, हे त्यांचेच अभ्यास सांगतात. आणि मुलीच्या वर्गात एका मुलाला त्रास होतोय तो होतोच आहे.

---

जुनाजाणता
सोमवार, ७:१५

जाकिटाची कल्पना झकास आहे. आमच्याकडेही मधल्या सुट्टीत शिक्षक लांबून दिसायचे. चहाच्या टपरीवर.

---

गरमागरमभजी
सोमवार, ८:००

सर :) :)

वकीलसाहेब, कायदा मान्य. पण एक सांगा, शिक्षकाचे हात असे बांधल्यावर त्या मुतारीतल्या चार पोरांचं करायचं काय? समजावून? त्या पोरांना तुमचं कलम १७ तोंडपाठ असतं. माझी बहीण शिक्षिका आहे, नववीतला मुलगा तिला तोंडावर म्हणाला, "हात लावून दाखवा." आदराची अपेक्षा फक्त शिक्षकांकडून करायची का?

---

खडूफळा
सोमवार, ९:३५

हा प्रश्न खरा आहे, त्याची थट्टा करू नये कुणी. आमच्या त्या चौघांपैकी एकाने मलाही असंच ऐकवलंय. तेव्हा राग आवरायला मला खिडकीबाहेर बघावं लागलं होतं.

त्या चौघांचं आम्ही काय केलं: माफीपत्राचा काही उपयोग झाला नाही. दोघांना मुतारीची जबाबदारी दिली, 'शिक्षा' म्हणून नाही. दार मोडकं होतं, कडी आतून लागत नव्हती. त्यांना चित्रकलेच्या सरांबरोबर जाऊन माप घ्यायला लावलं, कडी आणायला लावली, बसवायला लावली. एक जण सुताराचाच मुलगा निघाला, त्याने बिजागरी बदलली. आता आतून कडी लागते. तिसरा शाळा सोडून गेला. चौथा अजून तसाच आहे, आणि त्याच्याशी कसं वागावं ते मला कळत नाही. हेही लिहून ठेवते, नाहीतर गोष्ट फारच सरळ वाटेल.

---

तेरेखोल
मंगळवार, सकाळी ११:००

मी गोव्यात किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. मूळ प्रश्न होता अख्खी शाळा बदलते का. आपल्याच देशातला एक प्रयोग सांगते, मराठीत याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

पर्वरीची 'संगाथ' ही संस्था तुम्ही ऐकली असेल. त्यांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. ७४ सरकारी माध्यमिक शाळा, नववीचे विद्यार्थी. शाळांचे तीन गट केले. एका गटात बाहेरून नेमलेली एक व्यक्ती, 'सेहेर मित्र'. ही मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, त्याच भागातली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. दुसऱ्या गटात तेच सगळं काम शाळेतल्या एका शिक्षकाकडे. तिसऱ्या गटात नेहमीचं. काम म्हणजे काय? परिपाठात विषय मांडणं, दर महिन्याला भित्तिपत्रक, पत्रपेटी, मुलांचे गट, शाळेची एक समिती, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणं. म्हणजे वर्गात धडा शिकवणं नाही, शाळेची हवा बदलणं.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. बाहेरच्या मित्राच्या शाळांत मुलांना शाळा जास्त आपली वाटू लागली, छळ कमी झाला, मारामाऱ्या कमी झाल्या, उदासपणा कमी झाला. प्रयोगाच्या दुसऱ्या वर्षी तोच फरक आणखी वाढला. आणि शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत? काहीच फरक नाही. जिथे फक्त नेहमीचंच चालू होतं त्या शाळांइतकंच.

---

खडूफळा
मंगळवार, ५:४५

तेरेखोलताई, शेवटची दोन वाक्यं वाचून मोबाइल बाजूला ठेवला. चहा करून आले. राग आला होता, पण कुणाचा ते कळेना.

---

रानजाई
मंगळवार, ६:१०

मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. जी पेपर तपासते, जी तोंडी परीक्षेचे गुण देते, तिच्याकडे जाऊन 'बाई, मला मरून जावंसं वाटतं' असं कोण म्हणेल? आणि तक्रार बाईंचीच असेल तर?

---

तेरेखोल
मंगळवार, ९:००

खडूफळाताई, शिक्षक वाईट असतात असा त्याचा अर्थ मी काढत नाही. त्या शिक्षकांना नेहमीचं काम होतंच, त्यावर हे एक. तुम्हाला तर सांगायला नको: ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम, याद्या, सर्वेक्षणं. मित्राला दुसरं काही काम नव्हतं. तो मधल्या सुट्टीत रिकामा असायचा, आणि हाच त्याचा मोठा गुण होता, असं मला वाटतं. तुमच्या नकाशात सगळ्यांत हिरवं काय होतं? खिचडीची शेड. तिथे कोण असतं?

---

खडूफळा
मंगळवार, ९:२५

मावशी. दोघी आहेत. मोठ्या मावशींना साडेसहाशेपैकी निम्म्या पोरांची नावं येतात. कुणाच्या घरी काय शिजत नाही तेही ठाऊक असतं. हे बघा, तुम्ही विचारलंत म्हणून आज मुद्दाम त्यांच्याशी बोलले. 'आठवीतला तो मुलगा तुम्हाला माहीत होता का?' त्या म्हणाल्या, "तो पानी पीत नव्हता ना? मी दोनदा ऑफिसात सांगितलं. म्हनले, मावशी तुमचं काम करा."

त्यांच्या 'पानी'ला मी 'पाणी' करणार नाही. रानजाई, हे तुमच्यासाठी.

---

दोनवेण्या
मंगळवार, ९:४०

:(

---

मुळामुठा
मंगळवार, १०:३०

व्हॅनवाले काका आणि खिचडीच्या मावशी. दोघांनाही माहीत होतं. कमाल आहे.

---

तेरेखोल
बुधवार, सकाळी ८:१५

इथे एक धोक्याची सूचना देते, कारण पुढचं वळण मला दिसतंय. 'मावशींनाच समुपदेशक करू या' असं कृपया करू नका. त्यांचं मानधन तुम्हाला माहीत आहे. फुकटात आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर टाकायचं आणि वर 'मावशी म्हणजे आमच्या शाळेचं हृदय' असं फ्लेक्सवर छापायचं, हे आपल्याकडे फार होतं. मावशी सांगायला आल्या की ऑफिसात खुर्ची द्या आणि ऐका. त्यांच्याकडून एवढंच घ्या. बाकीचं काम पगारी, प्रशिक्षित माणसाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा असं म्हटलंय. साडेसहाशेच्या शाळेला मागणी करायला हा आधार पुरेसा आहे. मिळेल कधी, ते वेगळं.

---

वकीलपत्र
बुधवार, १०:००

तेरेखोल यांच्याशी सहमत. त्याच निकालात गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नका आणि चारचौघांत लाजवू नका असंही आहे, रोख मुख्यतः कोचिंग क्लासवर. पण ज्या शाळांत अ तुकडी हुशारांची आणि ड तुकडी 'बाकीच्यांची' असते, त्यांनीही वाचावं.

आणि आणखी एक, महत्त्वाचं. नकाशा किंवा पत्रपेटी सुरू करण्याआधी ठरवा, की कागदावर लैंगिक अत्याचाराबद्दल काही आलं तर कोण काय करणार. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ मध्ये न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखाला ती जास्त, एक वर्षापर्यंत. 'आधी संस्थेच्या अध्यक्षांना विचारू', 'घरगुती मिटवू' हे चालत नाही. आणि मुलाला पाच जणांनी पाचदा तेच विचारायचं नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक शिक्षकाला पाठ हवा, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६.

---

गरमागरमभजी
बुधवार, दुपारी २:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा त्या जिन्याच्या वळणावर कॅमेरा बसवा की. खर्च किती, पाचसात हजार.

---

रानजाई
बुधवार, २:५०

कॅमेऱ्यात 'बान' ऐकू येत नाही, भजीदादा.

---

जुनाजाणता
बुधवार, सायं. ७:००

बाईंचा मूळ प्रश्न राहूनच जातोय. अख्खी शाळा बदललेली पाहिली का? मी एक पाहिली, थोडी. बीड जिल्ह्यात माझे मेहुणे जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. २००९ मध्ये तिथल्या शाळांमध्ये 'मूल्यवर्धन' सुरू झालं, शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचं. मी खवचटपणे विचारलं होतं, आता मूल्यांचाही तास का? ते म्हणाले, तास वगैरे सोडा, आम्हाला बसायला वेगळं शिकवलं. मुलं रांगेत नाही, जोडीत आणि गटात बसतात, आणि मास्तर कमी बोलतो. दोन वर्षांनी मी त्यांच्या शाळेत गेलो तेव्हा चौथीतला एक मुलगा मेहुण्यांना म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तिचं बोलणं मध्येच तोडलं." आणि गुरुजी म्हणाले, "चुकलं. बोल गं." मी तिथे पाहुणा म्हणून बसलो होतो. माझ्या ११ वर्षांच्या मुख्याध्यापकीत माझ्या तोंडून मुलांसमोर 'चुकलं' किती वेळा गेलं, ते मोजत गाडीतून परत आलो. मोजायला फार वेळ लागला नाही.

रोज सकाळी प्रतिज्ञेत 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' म्हणतो आपण. म्हणताना मुलं समोर उभी असतात आणि आपण त्यांच्या रांगा बघत फिरत असतो.

---

खडूफळा
(साडेचार महिन्यांनंतर)
शनिवार, रात्री ९:५०

धागा वर काढते. काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं म्हणून लिहिते.

समुपदेशक मिळालेला नाही. प्रस्ताव पाठवलाय, त्याचं उत्तर नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या एक ताई महिन्यातून एकदा येतात, त्यांना मुलं 'बुधवारच्या ताई' म्हणतात.

पेटी ऑफिससमोरून काढून खिचडीच्या शेडजवळ लावली. किल्ल्या दोन, एक पर्यवेक्षक बाईंकडे आणि एक पालक समितीतल्या एका आईकडे. दोघी असल्याशिवाय उघडायची नाही. पहिल्या महिन्यात एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक वकीलपत्र यांनी सांगितलं तशी होती. ती कळवली. त्याबद्दल इथे आणखी काही लिहिणार नाही.

मधल्या सुट्टीतल्या देखरेखीचा तक्ता आमच्याकडे वर्षानुवर्षं होता, इन्स्पेक्शनच्या फाइलमध्ये. आता तो भिंतीवर आहे. जाकिटं काही आली नाहीत. एका सरांनी घरून लाल टोपी आणली, ज्याची पाळी तो ती घालतो. सुरुवातीला मुलं खूप हसली. हसू दे.

टोपणनावांवर स्टाफरूममध्ये भांडण झालं, चांगलंच. "आपुलकीने म्हणतो हो." शेवटी एवढंच ठरलं, की हजेरी घेताना आणि वर्गात फक्त नाव. आडनाव नाही, टोपणनाव नाही. एक सर अजून पाळत नाहीत. आठवीतली एक मुलगी त्यांना म्हणाली, "सर, माझं नाव घ्या ना." सर रागावले. पण दुसऱ्या दिवशी घेतलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा नकाशे वाटले. सायकल स्टँड जवळजवळ कोरा आला, तिथे टोपीवाले उभे राहतात. मुतारी अर्ध्याहून कमी लाल. पाण्याची टाकी मुलींच्या कागदावर अजून लालच आहे, त्याचं काही जमलेलं नाही. वेगळा नळ मागितलाय, पण नळाने प्रश्न सुटेल असं मलाही वाटत नाही. स्टाफरूमचं दार तीनातून एक होतं, ते पाचातून एक झालं.

आठवीतला तो मुलगा आता नववीत जाईल. पाण्याची बाटली आणतो. माझ्याशी फार बोलत नाही, आणि का बोलावं त्याने.

---

मुळामुठा
शनिवार, १०:२०

पाचातून एक हे कमी नाही, बाई. आमच्या सोसायटीत चार व्हॅन येतात, त्यांच्या काकांना घेऊन बसायचा विचार आहे. नकाशाचा नमुना मिळेल का? व्हॅनच्या सीटचा करून बघतो.

---

खडूफळा
शनिवार, १०:४५

सरांना विचारून टाकते. दोन गोष्टी सरांनीच सांगितल्यात: खडू सगळ्यांना एकाच कंपनीचे द्या, नाहीतर रंगावरून कागद कुणाचा ते ओळखू येतं. आणि रंगवताना शेजारी कुणाला बसवू नका. व्हॅनमध्ये तर नकोच, घरी द्या. आणि ड्रायव्हरची सीटही काढा त्यात, ती विसरू नका.